टायरच्या रबराचे मूळ गाव कोणते?

(काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. काष्टीचा आणि रबराचा संबंध काय? आपल्या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रबराच्या झाडाला दोन हजार मिलिमीटर लागतो आणि तोही वर्षाच्या बऱ्याच महिन्यांत विभागून पडावा लागतो. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर आपण ऊस, लिंबू, द्राक्ष, डाळिंब करतो. रबर येथे होणार नाही. उद्या कोणी रबराची रोपे विकायला आला, तर ती घेऊ नयेत, एवढे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

तरीही हा विषय घेतला आहे, त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की आपण रबर पिकवत नसलो तरी वापरतो भरपूर. ट्रॅक्टर, ट्रॉली, ऊस वाहणारी टायरगाडी, दूध गोळा करणारा टेम्पो, घरची मोटारसायकल, ही सगळी रबरावर चालतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आज रबर पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याला जगाच्या बाजारात एक प्रश्न विचारला जात आहे: “हा माल नेमका कोणत्या जमिनीतून आला, आणि ती जमीन कशी मिळवली?” हा प्रश्न रबरापाशी थांबणारा नाही. द्राक्षाला तो आधीच विचारला गेला आहे. साखरेला विचारायला सुरुवात झाली आहे. म्हणून रबराचे उदाहरण नीट समजून घेतले, तर आपल्या मालाची तयारी वेळेवर करता येईल.

रबर येते कोठून?

नैसर्गिक रबर हेविया नावाच्या झाडाच्या चिकापासून होते. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. १८७६ मध्ये त्याचे सुमारे ७० हजार बी ब्राझीलमधून इंग्लंडला नेण्यात आले. तेथे उगवलेली रोपे श्रीलंकेत आणि पुढे मलायात पोहोचली. आपल्या देशात व्यापारी लागवड १९०२ च्या सुमारास केरळात पेरियार नदीकाठी सुरू झाली.

लागवडीनंतर साधारण सात वर्षांनी झाड चीक काढण्याजोगे होते. पहाटे मजूर झाडाच्या सालीला तिरका चिरा देतो आणि खाली वाटी बांधतो. चीक थेंबाथेंबाने वाटीत पडतो. तो गोळा करून त्यात सौम्य आम्ल घालतात, घट्ट झालेला गोळा यंत्रातून लाटून त्याचे ताव करतात आणि धुरी देऊन वाळवतात. वाटीत राहून आपोआप गोठलेला चीकही विकला जातो. एकदा झाड सुरू झाले की पंचवीसेक वर्षे उत्पन्न देते.

टायरमधले सगळे रबर झाडाचे नसते. खनिज तेलापासून केलेले कृत्रिम रबरही त्यात असते. पण उष्णता आणि ताण सोसण्याचा नैसर्गिक रबराचा गुण कृत्रिम रबरात पुरेसा उतरलेला नाही. त्यामुळे ट्रक, ट्रॅक्टर आणि विमानांच्या टायरमध्ये झाडाचे रबर लागतेच. जगातील नैसर्गिक रबरापैकी सुमारे ७० टक्के रबर एकट्या टायर धंद्यात जाते.

आपल्या देशात २०२३-२४ मध्ये नैसर्गिक रबराचे उत्पादन सुमारे साडेआठ लाख टन होते आणि खप सुमारे १४ लाख टन होता. म्हणजे पाच लाख टनांहून अधिक तूट. ती आयातीने भरून निघते. तेव्हा आपल्या ट्रॉलीच्या टायरमध्ये केरळचे रबर असेल, त्रिपुराचे असेल किंवा आग्नेय आशियातल्या एखाद्या खेड्यातलेही असेल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रबर म्हटले की साहेबांचे मोठे मळे डोळ्यांपुढे येतात. आज तसे राहिलेले नाही. जगातील बहुतांश रबर लहान शेतकरी पिकवतात. भारतात तेरा लाखांहून अधिक रबर उत्पादक असून त्यांची सरासरी लागवड अर्ध्या हेक्टरच्या आसपास आहे. म्हणजे हा शेतकरी आपल्यासारखाच सव्वा-दीड एकरावर संसार करणारा आहे.

प्रश्न का उठला?

रबराच्या इतिहासात दोन मोठे डाग आहेत. पहिला डाग माणसांवरील जुलुमाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कांगो देश बेल्जमच्या राजाच्या, दुसऱ्या लिओपोल्डच्या, खाजगी मालकीत होता. जंगलातील रबर ठरलेल्या वजनाइतके आणले नाही म्हणून तेथील लोकांना ओलीस धरले, फटके मारले, हात तोडले. १९०४ मध्ये ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, जगभर ओरड झाली आणि १९०८ मध्ये राजाकडून तो मुलूख काढून घेण्यात आला.

दुसरा डाग जंगलांच्या नाशाचा, आणि तो अलीकडचा आहे. मोटारी वाढल्या तशी रबराची मागणी वाढली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहाच्या चित्रांवरून असे दिसून आले की १९९३ नंतर आग्नेय आशियात रबराच्या लागवडीसाठी ४० लाख हेक्टरांहून अधिक जंगल गेले. जंगल गेले की पाणी धरून ठेवणारी जमीन जाते, वन्य प्राणी शेतात येतात आणि त्या जंगलावर जगणारी माणसे देशोधडीला लागतात.

या दोन्ही गोष्टींमुळे टायर आणि मोटार कंपन्यांवर दडपण आले. २०१८ मध्ये सिंगापूर येथे शाश्वत नैसर्गिक रबरासाठी एक जागतिक मंच स्थापन झाला. त्यात टायर कंपन्या, मोटार कंपन्या, रबर प्रक्रिया करणारे आणि स्वयंसेवी संस्था आहेत. पुढे लहान उत्पादकांनाही त्यात सभासद करून घेण्यात आले. परंतु मंचाचे नियम पाळणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा भाग होता. कायद्याने मात्र मर्जी उरली नाही.

युरोपचा कायदा काय सांगतो?

युरोपीय संघाने केलेला जंगलतोडविरोधी कायदा २९ जून २०२३ रोजी अस्तित्वात आला. गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड या सात मालांना आणि त्यांपासून केलेल्या अनेक वस्तूंना तो लागू आहे. टायर त्यात येतात. त्याच्या मुख्य अटी अशा:

१) ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा माल युरोपात विकता येणार नाही.

२) माल ज्या देशात पिकला, तेथील कायदे पाळून पिकलेला असावा. जमिनीचा हक्क आणि मजुरांचे हक्क यांचे कायदेही त्यात आले.

३) माल कोणत्या जमिनीतून आला, त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. चार हेक्टरांपर्यंतच्या तुकड्याला एक बिंदू पुरतो. त्याहून मोठ्या जमिनीची पूर्ण हद्द आखून द्यावी लागते.

४) पुरावा असलेला आणि नसलेला माल एकत्र करता येणार नाही.

हा कायदा प्रत्यक्ष लागू करण्याची तारीख दोनदा पुढे गेली. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या बदलानुसार मोठ्या आणि मध्यम व्यापाऱ्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि अगदी लहान व्यापाऱ्यांसाठी ३० जून २०२७ अशा तारखा ठरल्या. मे २०२५ मध्ये युरोपने देशांची जोखमीनुसार यादी केली, तीत भारत कमी जोखमीच्या गटात आहे. त्यामुळे खरेदीदाराची तपासणी काहीशी हलकी होते, परंतु जमिनीचे ठिकाण सांगण्यातून सुटका नाही.

आपल्या राज्याचा याच्याशी थेट संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे बाळकृष्ण इंडस्ट्रीजचा शेती व अवजारांच्या टायरांचा कारखाना आहे आणि या कंपनीचा बराच माल युरोपात जातो. सिएट कंपनीचे कारखाने नाशिक, अंबरनाथ आणि नागपूर भागात आहेत. ज्या कारखान्याला युरोपात टायर पाठवायचा आहे, तो रबर पुरवणाऱ्याला मूळ ठिकाण विचारणार, पुरवणारा गावच्या व्यापाऱ्याला विचारणार आणि व्यापारी शेतकऱ्याला. कागद युरोपात मागितला जातो, पण तो तयार करावा लागतो शेताच्या बांधावर.

आपल्या राज्यातले रबर

महाराष्ट्रात रबर नाही असे मात्र नाही. रबर संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात त्या वेळच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील दापचरी येथे प्रयोग केले. कोकणात पाऊस भरपूर असला तरी तो चार महिन्यांत पडून जातो आणि उन्हाळ्यात झाड थांबते. उन्हाळी पाणी दिल्यास झाड चिकाला लवकर येते, नाही तर दहा वर्षांच्या आसपास थांबावे लागते, असे तेथे दिसून आले.

दक्षिणेला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत हवामान अधिक अनुकूल आहे. तेथे केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी जमिनी घेऊन रबर लावले. त्यांचे पाहून काही स्थानिकांनीही लावले. हे शेतकरी कष्टाळू आहेत आणि त्यांनी आणलेले लागवडीचे ज्ञान मोलाचे आहे. अडचण झाली ती जागेची. हा पट्टा सह्याद्रीतील वन्य प्राण्यांचा येण्याजाण्याचा मार्ग आहे. उत्तरेकडचे राधानगरी आणि दक्षिणेकडील गोवा-कर्नाटकातील अभयारण्ये यांना तो जोडतो. २००२ पासून कर्नाटकातील हत्ती या भागात येऊ लागले. अशा डोंगरउतारावरील खाजगी जंगल तुटून तेथे रबर, अननस, केळी उभी राहिली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी केली. २०२० मध्ये तिलारी परिसरातील सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या पट्ट्यातील २५ गावांना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील दर्जा देण्याबाबत केंद्र सरकारला निर्देश दिले.

आता याच तालुक्यातील तीन शेतकरी डोळ्यांपुढे आणा. पहिल्याने २००८ साली रबर लावले. दुसऱ्याने २०२२ मध्ये जुनी, उत्पन्न न देणारी काजूची बाग काढून रबर लावले. तिसऱ्याने २०२२ मध्येच डोंगरावरील खाजगी जंगल तोडून रबर लावले. तिघांचे रबर दिसायला सारखेच, वजनाला सारखेच. पहिल्याची लागवड ठरलेल्या तारखेच्या आधीची आहे, म्हणून चालते. दुसऱ्याचीही चालते, कारण काजूची बाग ही शेतीच आहे, जंगल नव्हे. तिसऱ्याचा माल मात्र त्या बाजारातून बाद होतो.

पण दुसऱ्या शेतकऱ्याने एक गोष्ट सिद्ध करायला हवी: २०२० साली त्या जमिनीवर काजू होता. आकाशातून पाहणाऱ्याला काजूची दाट बाग आणि रान यांत फरक करणे कठीण जाते. त्याच्या सातबाऱ्यावर काजूची नोंद असेल, तर प्रश्न मिटला. तलाठ्याकडे नोंद लावायची राहून गेली असेल आणि जमीन “पड” म्हणून दिसत असेल, तर खरे बोलणारा माणूसही अडचणीत येतो. पुराव्याचा सगळा जीव असा एका नोंदीत असतो.

मिसळ झाली की मूळ हरवते

शेतकऱ्याने ताव गावच्या व्यापाऱ्याला दिले की तेथे दहा-वीस घरचा माल एकत्र होतो. तेथून तो मोठ्या व्यापाऱ्याकडे, तेथून प्रक्रियेच्या कारखान्यात आणि मग टायर कारखान्यात जातो. पहिल्याच पायरीवर कोणाचा ताव कोणता, हे सांगणे अशक्य होते.

दुधाचा धंदा करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. संकलन केंद्रावर प्रत्येकाच्या दुधाची फॅट आणि डिग्री वेगळी लागते, कारण एकदा दूध टाकीत गेले की कोणाचे चांगले आणि कोणाचे पाणी घातलेले, हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही. एका कॅनने सगळा टँकर नासतो. रबराचे तसेच आहे. म्हणून नोंद पहिल्या पायरीवर, म्हणजे शेतकऱ्याकडून माल घेतानाच व्हायला हवी. नंतर कितीही कागद रंगवले तरी उपयोग नाही.

कोट्टायम येथील रबर बोर्डाने यासाठी शाश्वत भारतीय नैसर्गिक रबराची एक व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये सुरू केली. तीत लागवडीचे नकाशे तयार करून माल कोणत्या जमिनीचा, याचा दाखला देण्याची सोय आहे. बोर्डाने हे काम हाती घेतले हे योग्यच झाले. अर्ध्या हेक्टरच्या शेतकऱ्याने एकट्याने उपग्रहाचे नकाशे कोठून आणावेत?

खर्च कोणी सोसायचा?

आता मुद्द्याच्या गाभ्यापाशी येऊ. थोडा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत.

अर्ध्या हेक्टरात वर्षाला सुमारे ७०० किलो रबर निघते असे धरा. मूळ ठिकाणाचा पुरावा देणाऱ्या मालाला खरेदीदाराने किलोला २ रुपये जादा दिले, तर शेतकऱ्याच्या हाती वर्षाला १,४०० रुपये येतील. त्यासाठी त्याला नकाशा काढून घ्यायचा, वही ठेवायची, माल वेगळा ठेवायचा आणि तपासणीस येईल त्या दिवशी घरी थांबायचे. दोन-तीन दिवसांची मजुरी त्यातच गेली. तालुक्याला चार हेलपाटे झाले की उरलेलेही संपले.

आता दुसरी बाजू पाहा. ट्रॅक्टरच्या मागच्या एका टायरमध्ये १५ किलो नैसर्गिक रबर आहे असे धरा. किलोला २ रुपये जादा म्हणजे टायरमागे ३० रुपये. वीस हजारांच्या घरातील टायरमध्ये ३० रुपये कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. किलोला १० रुपये जादा दिले, तरी टायरमागे १५० रुपये होतात आणि त्या शेतकऱ्याला मात्र वर्षाला ७ हजार रुपये मिळतात.

म्हणजे तोच खर्च टायर घेणाऱ्याच्या टोकाला किरकोळ आहे आणि पिकवणाऱ्याच्या टोकाला जगण्या-मरण्याचा आहे. जबाबदारीने खरेदी करतो असे म्हणणाऱ्या कंपनीची खरी परीक्षा येथे होते. अट घातली आणि भाव तोच ठेवला, तर जबाबदारी शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकली असेच म्हणावे लागेल. अशा वेळी मोठा मळेवाला कागद पुरे करतो आणि बाजारात राहतो. लहान माणूस, ज्याने एकही झाड तोडलेले नाही, तो कागदाअभावी बाहेर पडतो.

त्यात रबराचा भाव स्थिर नाही. २०११ मध्ये किलोला २४० रुपयांच्या आसपास गेलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला शंभराच्या खाली आला. कित्येकांनी चीक काढणेच सोडून दिले, कारण मजुरी निघेना. ऑगस्ट २०२४ मध्ये भाव पुन्हा २४० च्या वर गेला. एवढ्या चढउतारात किलोमागे दोन रुपयांच्या आमिषाने कोणी वही ठेवील, ही अपेक्षा चूक आहे. काही वर्षांचा खरेदीचा करार आणि किमान भावाचा आधार दिला, तरच शेतकरी त्यासाठी वेळ घालील.

लागवड वाढवण्याकडेही याच नजरेने पाहावे. देशातील चार मोठ्या टायर कंपन्यांनी २०२१ मध्ये ईशान्य भारत आणि पश्चिम बंगालमध्ये पाच वर्षांत दोन लाख हेक्टर रबर लावण्यासाठी सुमारे एक हजार कोटी रुपयांची योजना घेतली. देशाची तूट पाहता हे आवश्यक आहे. ती झाडे कोणत्या जमिनीवर उभी राहतात, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली, तर सात वर्षांनी चीक निघू लागेल तेव्हा त्या शेतकऱ्यांना पुरावा शोधत फिरावे लागणार नाही.

काष्टीच्या शेतकऱ्याने यातून काय घ्यावे?

आपल्याला ही रीत अगदी नवी नाही. २००३ मध्ये औषधांच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली. त्यानंतर २००६ मध्ये निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी आणि प्रत्येक पेटीचा माग ठेवणारी ग्रेपनेट व्यवस्था आली. तरी २०१० मध्ये वाढ रोखणाऱ्या एका संजीवकाचे अंश सापडून मोठा फटका बसलाच. शिकण्यासारखे हे की नोंदणी असली तरी तपासण्याची यादी पुरी नसेल, तर धोका राहतो. आणि हेही खरे की नोंदणीमुळेच नंतर बागवार निवड करून बाजार पुन्हा मिळवता आला.

ऊस लावला की कारखान्याकडे लागणीची तारीख, जात, क्षेत्र आणि गट नंबर यांची नोंद आपण देतोच. आपल्या काष्टीच्या बाजारात येणाऱ्या जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला आपल्या राज्यात बंदी आहे. २०२१ पासून मोबाईलवरून होणाऱ्या ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून फोटो काढला की त्याबरोबर ठिकाणही नोंदले जाते. रबराच्या शेतकऱ्याकडे युरोप जे मागतो, त्यातील बरेचसे आपल्या हातात आधीच आहे. आपण ते सरकारी उपचार म्हणून उरकतो, एवढेच.

साखरेबाबत प्रश्न जमिनीपेक्षा माणसांचा आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ऊसतोड मजुरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हालअपेष्टांविषयी परदेशी वृत्तपत्रांत लिहून आले आणि येथील साखर घेणाऱ्या मोठ्या शीतपेय कंपन्यांना जाब विचारला गेला. उचल, कोपीवरचे राहणे, पिण्याचे पाणी, मुलांची शाळा हे सगळे आता साखर घेणाऱ्याच्या प्रश्नपत्रिकेत येणार. आपल्या फडात तोडणी करणारी माणसे आपली आहेत, असे मानून आपणच ही व्यवस्था सुधारली, तर बाहेरच्याने सांगायची वेळ येणार नाही.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात:

१) सातबारा उतारा वर्षातून एकदा काढून पीक, फळझाडे आणि क्षेत्र बरोबर आहे का, ते पाहावे. चूक असल्यास लगेच दुरुस्त करून घ्यावी. भांडण निघाल्यावर दुरुस्ती अवघड जाते.

२) ई-पीक पाहणी मुदतीत आणि स्वतः शेतात जाऊन करावी. दुसऱ्याच्या शेतात उभे राहून काढलेला फोटो उद्या आपल्याच विरुद्ध पुरावा होईल.

३) प्रत्येक तुकड्याची एक वही ठेवावी. लागण, खते, औषधे, मजुरी, तोडणी आणि माल कोणाला दिला, हे तारखेसह लिहावे. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा हे काम दहा मिनिटांत करतो.

४) निर्यातीचा किंवा कराराचा माल गटाने द्यावा. दाखल्याचा आणि तपासणीचा खर्च शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा सोसायटीने वाटून घेतल्यास प्रत्येकावर थोडा येतो. वर मांडलेला रबराचा हिशेब आठवावा. एकट्याला हे परवडत नाही.

५) करार करताना मूळ ठिकाणाच्या पुराव्याचा जादा भाव वेगळा लिहून घ्यावा. “दर्जाप्रमाणे भाव” एवढ्यावर समाधान मानू नये. नकाशा आणि नोंदी कोणाच्या मालकीच्या, हेही विचारावे. व्यापारी बदलला तर आपली माहिती आपल्याला परत मिळाली पाहिजे.

६) वापरणारे म्हणून रबर वाचवावे. टायरमध्ये कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकीच हवा ठेवावी. शेतात आणि डांबरी रस्त्यावर दाब वेगळा लागतो. ट्रॉलीत बेसुमार ऊस भरू नये. सांगाडा चांगला असेल, तर टायर रिमोल्ड करून घ्यावा. जुने टायर चुलवणात जाळू नयेत. त्या धुराने गुळाची चव आणि गावाचे आरोग्य दोन्ही बिघडतात. जुन्या टायरांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी टायर उत्पादकांवर टाकलेली आहे, म्हणून ते भंगारवाल्यामार्फत पुनर्वापराकडे जाऊ द्यावेत. एक टायर एक वर्ष जादा चालला, तर तेवढ्या रबरासाठी कोणाचे रान तुटत नाही.

समारोप

बंधू-भगिनींनो, माल कोठून आला, हे विचारणे वाईट नाही. कांगोत हा प्रश्न वेळेवर विचारला असता, तर हजारो माणसांचे हात वाचले असते. दोडामार्गात तो आधी विचारला असता, तर काही डोंगर हिरवे राहिले असते. पण ज्याने प्रश्न विचारला, त्याने उत्तराची किंमतही दिली पाहिजे. केरळच्या आणि सिंधुदुर्गच्या अर्ध्या हेक्टरच्या शेतकऱ्याला ती मिळाली, तर उद्या श्रीगोंद्याच्या लिंबाला, द्राक्षाला आणि उसालाही मागता येईल. ती मागण्यासाठी नोंद आपल्याकडे हवी. नोंद नसेल तर भाव मागायला तोंड राहत नाही.

नोंदवहीचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकांकडे चौकशी करावी. एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो.